धून आणि धूर

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी.

फर्स्ट इयरला असताना एका पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या कार्यशाळेत आम्हाला एक फॉर्म भरायला दिला होता. त्यात एक रकाना होता, 'तुमचे आदर्श व्यक्तिमत्त्व आणि कारण'. शेजारणीने कलाम सरांचं नाव लिहिलं. पुढच्या बाकावरच्या दोघांनी शिवाजी महाराज लिहिलं. आपण काहीतरी हटके लिहावं म्हणून मी लिहिलं : हिटलर. कारण : लीडरशिप आणि डिसिप्लिन! फॉर्म तपासणाऱ्यांनी त्यावर बरोबरची खूण केली आणि पुढच्या फॉर्मकडे वळले. कोणी काही विचारलं नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. रेल्वे स्टेशनच्या बुकस्टॉलवर त्याचं आत्मचरित्र 'यशस्वी कसे व्हाल' छाप पुस्तकांच्या शेजारी ठेवलेलं असतं, तिथूनच मी ते घेतलं होतं. दहा-बारा पानांपुढे गेले नव्हते, हेही सांगून टाकते.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. (आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, पण माझी खरोखर सिस्टर लोकांची होती.) शाळेत ॲन फ्रँकच्या डायरीतला उतारा होता. त्याचे प्रश्नोत्तरं पाठ केले, मार्क मिळाले, विषय संपला. ती मुलगी आणि माझा तो 'आदर्श' यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नाही. ती पडली रेडिओमुळे.

आमचं गाव रिसोड तालुक्यात. आबाजींचा एक जुना रेडिओ आहे, आजीने शिवलेल्या कापडी खोळीतला. पहाटे केंद्र सुरू व्हायच्या आधी आकाशवाणीची ती धून वाजायची. मागे तंबोरा आणि पुढे व्हायोलिन, तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल. लहानपणी सुट्टीत मी त्याच धुनेने जागी व्हायचे आणि पुन्हा पांघरुण ओढून झोपायचे. गेल्या वर्षी गॅदरिंगच्या क्विझसाठी प्रश्न काढताना मनात आलं, ही धून केली कोणी? मला वाटलं होतं पंडित रविशंकर वगैरे असतील. उत्तर निघालं, वॉल्टर कॉफमन. प्रागहून मुंबईला आलेला एक ज्यू संगीतकार.

मग मी शोधतच गेले. क्विझ झाली, सबमिशन झालं, एक पेपर बॅक राहिला, पण हे काही सुटेना.

कॉफमनचा जन्म १९०७ चा, कार्ल्सबादचा. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे, त्याला कार्लोवी वारी म्हणतात. बर्लिन आणि प्रागला तो संगीत शिकला. डॉक्टरेटचा प्रबंध लिहून झाला, आणि मग त्याला कळलं की आपले प्राध्यापक नाझी संघटनेचं काम करतात. पठ्ठ्याने डॉक्टरेटच नाकारली! (इथे आपण एका सहीसाठी काय काय करतो ते आठवा.) जानेवारी १९३३ मध्ये हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला आणि १९३४ मध्ये कॉफमन मुंबईत उतरला. भारतच का, तर इथला व्हिसा सहज मिळत होता म्हणून. आपल्या संगीताच्या तबकड्या त्याने पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्याला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. पण त्याने हिशेब असा केला, की लाखो लोकांना जर हे आवडतं तर चूक आपल्या कानांची असणार. हे मला फार आवडलं. १९३७ पासून १९४६ पर्यंत तो आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. तिच्यात व्हायोलिन वाजवायचे मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. ती आपली धून कॉफमनचीच, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

तेव्हाची मुंबई आणि तेव्हाचं बर्लिन शेजारी ठेवून पाहा. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीतल्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. १९३८ मध्ये ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द झाले. त्याच सुमारास, १९३७-३८ मध्ये, मुंबईचे महापौर होते डॉ. एलिजा मोझेस. वरळी-महालक्ष्मीकडे त्यांच्या नावाचा रस्ता आहे. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. एवढं एक नाव पडलं, बाकी शेकडो वर्षांत त्यांच्या वाटेला कोणी गेलं नाही. एकाच धर्माची माणसं, तिकडे त्यांना बागेतल्या बाकावर बसायची बंदी आणि इकडे महापौराची खुर्ची.

पण मुंबईचा दरवाजा सताड उघडा होता असं समजू नका. राज्य इंग्रजांचं होतं. निर्वासित इथे येऊन सरकारवर भार होणार नाही याची हमी लागायची. मुंबईत १९३४ मध्येच ज्युइश रिलीफ असोसिएशन निघाली होती, ती अशा हम्या द्यायची, नोकऱ्या शोधून द्यायची. कुशल माणसांना येऊ द्यावं म्हणून नेहरूंनीही प्रयत्न केले. तरी सगळे मिळून आले ते फार तर एक-दोन हजार. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली, आणि जवळपास ३०,००० पुरुष छावण्यांत टाकले. त्याच्या चार महिने आधी, जुलैमध्ये, फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी ३२ देशांची परिषद झाली होती, विषय हाच की या निर्वासितांना कोण घेणार. भाषणं छान झाली. घ्यायला जवळजवळ कोणीच तयार झालं नाही.

जे आले त्यांनी काय केलं? विली हास नावाचा नावाजलेला संपादक १९३९ मध्ये मुंबईत येऊन सिनेमाच्या कथा लिहू लागला. व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर स्वतः ज्यू नव्हता, पण त्याची बायको होती. तो टाइम्स ऑफ इंडियाचा आर्ट डायरेक्टर झाला. तो, श्लेसिंगर नावाचा उद्योजक आणि रूडी फॉन लायडन हा कलासमीक्षक या तिघांनी रझा, हुसेन, आरा अशा तेव्हाच्या फाटक्या खिशाच्या पोरांना हात दिला. १९४७ च्या त्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये ह. अं. गाडे होते, ते आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगावचे! म्हणजे व्हिएन्नाहून पळालेला माणूस आणि वऱ्हाडातला चित्रकार मुंबईत एका दिव्याखाली बसून चित्रं बघत होते. याच्यावर कोणीतरी वेगळा लेख लिहा.

गंमत म्हणावी की काय, सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रज सरकारने इथल्या जर्मनांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून पकडलं आणि अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत टाकलं. त्यात नाझी होते आणि नाझींपासून पळून आलेले ज्यूही होते, एकाच तारेच्या आत. पुढे चौकशी समिती बसली आणि बहुतेक ज्यूंना सोडलं. काही कुटुंबं साताऱ्याच्या आणि पुरंदरच्या छावण्यांत राहिली. (कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची पोलिश छावणी यात मोजू नका. ते १९४३ नंतर रशियामार्गे आलेले, बहुतेक कॅथलिक लोक होते.)

आता त्या दुसऱ्या टोकाकडे. कॉफमनची बायको गर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्काची सख्खी भाची. काफ्का स्वतः १९२४ मध्येच क्षयाने गेला. त्याला तीन बहिणी होत्या. थोरली एली, ही गर्टीची आई, म्हणजे आपल्या धूनवाल्याची सासू. तिला १९४१ मध्ये प्रागहून पोलंडमधल्या लोड्झच्या घेट्टोत पाठवलं. मधली वाली हिलाही तिथेच. दोघी परत आल्या नाहीत. धाकटी ओट्ला. हिचा नवरा ज्यू नव्हता, त्यामुळे तिला थोडं संरक्षण होतं. तिने घटस्फोट घेतला आणि ते संरक्षण गेलं. १९४२ मध्ये तिला टेरेझीनच्या घेट्टोत नेलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये पोलंडमधल्या बियाविस्तोक गावची सुमारे १,२०० ज्यू मुलं तिथून बाहेर न्यायची होती. मुलांना सांभाळायला सोबत कोण जाणार, असं विचारल्यावर ओट्ला स्वतःहून पुढे झाली. गाडी ऑशवित्झला गेली. मुलं आणि सोबतचे सगळे, पोचल्या पोचल्या गॅस चेंबरमध्ये.

एका घरातले काही समुद्र ओलांडून मुंबईत आणि बाकीचे या गाड्यांत. फरक काय होता? एक व्हिसा, एक हमीपत्र, आणि निघायची वेळ.

दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं आबाजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "एवढाले लोक होते त पयाले काऊन नाही व ते? एखाद्याले तरी मारून मरते मानूस." होस्टेलवरच्या मैत्रिणीनेही शुद्ध भाषेत हेच विचारलं होतं. साठ लाख माणसं मारली गेली, मग लढलं कसं कोणी नाही?

याचं उत्तर द्यायचं तर त्या छावण्या कशा चालायच्या ते समजून घ्यावं लागतं. आणि इथे मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हणून थोडी अडखळते.

आपण सगळ्यांनाच 'छळछावणी' म्हणतो. पण ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक, खेल्मनो या छळायच्या किंवा राबवून घ्यायच्या छावण्या नव्हत्याच. तिथे एकच काम होतं. गाडी आली की दोन-तीन तासांत त्यातली जवळजवळ सगळी माणसं मेलेली असायची. मोटारच्या इंजिनाचा धूर बंद जागेत सोडायचे. थोडी माणसं तेवढी कामापुरती जिवंत ठेवायची. ट्रेब्लिंकात साधारण नऊ लाख माणसं अशी गेली. ऑशवित्झमध्ये कारखाने आणि मृत्युछावणी दोन्ही होतं, तिथे अकरा लाखांच्या आसपास. आणि फसवणूक शेवटपर्यंत. ट्रेब्लिंकात खोटं रेल्वे स्टेशन बांधलं होतं, त्यावर रंगवलेलं घड्याळ आणि गाड्यांच्या पाट्यासुद्धा! दुसरीकडे वसवायला नेतोय, आधी आंघोळ करा, असं सांगायचे. कडेवर मूल घेतलेल्या, चार दिवस पाण्याविना डब्यात कोंडलेल्या बाईने कधी आणि कशाने लढायचं? शिवाय एक पळाला तर मागच्या दहा-वीस जणांना गोळ्या. आबाजींच्या प्रश्नाला आणखी एक आकडा आहे. जर्मनांनी सोव्हिएत सैन्याचे सुमारे ५७ लाख सैनिक पकडले होते, त्यातले ३० लाखांहून जास्त कैदेत मेले. ते तर तरुण, शिकवलेले सैनिक होते. त्यांना कोणी विचारत नाही, का लढला नाहीत म्हणून.

आता भट्ट्या. ऑशवित्झच्या भट्ट्या एर्फुर्ट गावच्या टॉप्फ आणि पुत्र या कंपनीने बनवल्या. धान्य सुकवण्याची, दारूच्या कारखान्यांची यंत्रं बनवणारी साधी कंपनी. तिथला कुर्ट प्र्यूफर नावाचा इंजिनियर स्वतः साइटवर जाऊन काम बघायचा. त्याचा सहकारी फ्रिट्झ झांडर, याने १९४२ मध्ये न थांबता चालणाऱ्या भट्टीचा पेटंट अर्ज केला. कशासाठी, तर प्रेतं सलग जाळता यावीत म्हणून. एका प्रेताच्या उष्णतेवर पुढचं जळेल, इंधन वाचेल. मी हे वाचलं त्याच आठवड्यात आम्हाला फर्नेस एफिशियन्सीचं गणित होतं. मी ते सोडवलं, उत्तरही बरोबर आलं. फॉर्मवर मी जी 'डिसिप्लिन' लिहिली होती ती हीच. वेळेवर गाडी, वेळेवर बिल, वेळेवर मेंटेनन्स, आणि प्रत्येकजण फक्त आपापलं ड्रॉइंग बघणारा.

पण याच वक्तशीरपणाला सोबिबोरच्या कैद्यांनी बरोबर पकडलं. हा भाग मी होस्टेलवर किमान दहा जणींना सांगितला असेल.

सोबिबोरमध्ये कामाला ठेवलेले सुमारे ६०० कैदी होते. शिंपी, चांभार, सुतार, सोनार. लिओन फेल्डहेंडलर नावाचा पोलिश ज्यू बरेच दिवस पळायचा विचार करत होता, पण लढाईची माहिती कोणालाच नव्हती. सप्टेंबर १९४३ मध्ये मिन्स्कहून ज्यू युद्धकैद्यांची एक तुकडी आली, तिच्यात होता लेफ्टनंट अलेक्झांडर पेचेर्स्की. तीन आठवड्यांत बेत ठरला. छावणीतले एसएस अधिकारी स्वतःसाठी कपडे, बूट शिवून घ्यायचे आणि सांगितलेल्या वेळी बरोबर हजर व्हायचे. मग एकेकाला वेगवेगळी वेळ द्यायची! तुमचा कोट तयार आहे साहेब, घालून बघायला चार वाजता या. तुमचे बूट सव्वाचारला.

१४ ऑक्टोबर १९४३. त्या दिवशी छावणीचा कारभार निमान या उपप्रमुखाकडे होता. तो शिंप्यांच्या खोलीत आला, कोट घालून उभा राहिला आणि मागून कुऱ्हाड बसली. पुढच्या तासाभरात एकामागून एक असे अकराजवळ एसएसवाले संपले. टेलिफोनच्या तारा कापल्या. बेत असा होता की संध्याकाळच्या हजेरीला रांग लावून सगळ्यांनी सरळ मुख्य दारातून बाहेर पडायचं. तेवढं जमलं नाही. एक प्रेत सापडलं, गोळीबार सुरू झाला, आणि लोक तारांवर चढून सुरुंग पेरलेल्या मैदानातून जंगलाकडे धावले. सुमारे ३०० बाहेर पडले. त्यातले युद्धाच्या शेवटी पन्नासच्या आसपास जिवंत होते. पेचेर्स्की त्यात होता. मागे राहिलेल्या कैद्यांना जर्मनांनी मारलं, आणि मग छावणीच मोडली, तिथे झाडं लावून टाकली.

सोबिबोरच्या आधी, २ ऑगस्ट १९४३ ला, ट्रेब्लिंकात असंच झालं होतं. तिथे शस्त्रागाराचं कुलूप दुरुस्तीला आलं, आणि कैद्यांतल्या कारागिराने हळूच एक जास्तीची किल्ली करून ठेवली. वर्कशॉपला फायलिंग करून करून आपले हात दुखतात ना, तेच काम. त्या किल्लीने बॉम्ब आणि बंदुका बाहेर काढल्या, इमारती पेटवल्या. दोनशेच्या वर माणसं बाहेर पडली, सत्तरच्या आसपास वाचली.

आणि ऑशवित्झच्या मुली. त्यातल्या काही आपल्याच वयाच्या. युनियन नावाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांना कामाला लावलं होतं. एला गेर्टनर, रेगिना साफिरश्टाइन, एस्तेर वाइत्सब्लुम आणि आणखी काहीजणी चिमूट-चिमूट स्फोटक पावडर कपड्यांत लपवून बाहेर आणायच्या. रोझा रोबोटा ही कपडे निवडायच्या विभागात होती. ती हे सगळं पुढे भट्ट्यांवर राबणाऱ्या कैद्यांपर्यंत पोचवायची. महिनोन् महिने, चिमटीने! त्यातून डब्यांचे हातबॉम्ब झाले. ७ ऑक्टोबर १९४४ ला भट्टीवरच्या कैद्यांनी उठाव केला, चार नंबरची इमारत पेटवली. ती पुन्हा कधी चालली नाही. साडेचारशेच्या आसपास कैदी मेले, एसएसचे तिघे. चौकशीत त्या चौघींचे हाल केले, पण पुढची साखळी त्यांनी सांगितली नाही. जानेवारी १९४५ च्या सुरुवातीला चौघींना फाशी दिली, बाकी कैदी बायकांना समोर उभं करून. २७ जानेवारीला सोव्हिएत सैन्य तिथे पोचलं. तीन आठवडे. मला हे तीन आठवडे सहन होत नाहीत.

भट्टीवरच्या झाल्मन ग्रादोव्स्की या कैद्याने तर पाहिलेलं सगळं लिहून काढलं आणि कागद तिथल्याच जमिनीत पुरून ठेवले. तो उठावात मेला. कागद युद्धानंतर सापडले.

हे सगळं आबाजींना परत सांगायचं होतं. संक्रांतीला गावी गेले तेव्हा मोबाइलमध्ये ती धून घेऊन गेले. कोटाची गोष्ट सांगितली तेव्हा ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा रे शिंप्या!" मुलींची सांगितली तेव्हा काही बोलले नाहीत, नुसते अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले. मग मी धून लावली. दुपारचे तीन वाजले असतील, तरी त्यांनी सवयीने दाराबाहेर उजेडाकडे पाहिलं. "हे वाजे तवा मी मोटर चालू कराले निंघो," म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "त्या मानसाचं पुढं काय झालं?"

मी सांगितलं, १९४६ मध्ये तो भारतातून गेला. कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचा संचालक झाला, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक रागांवर दोन जाडजूड ग्रंथ लिहिले. १९८४ मध्ये वारला.

"आन इकडं आला कवाच नाही?"

ते मला सापडलं नव्हतं. तसं सांगितलं. आबाजींनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि माझ्याकडे परत देत म्हणाले, "अजून एकडाव लाव."